बर्फाचा चिमटा रडला त्याची गोष्ट

त्या सकाळी धक्क्यावर लाँच पकडायला आलेले लोक कमी आणि ताईत रडताना बघायला आलेले जास्त होते. मी पहिल्या गटात मोडत होते. माझी शाळा खाडीपलीकडे आहे, मी तिथे विज्ञान शिकवते, आणि ताईत रडो की हसो, पहिला तास माझाच असतो. पण केबिनच्या दारात एवढी दाटी झाली होती की लाँचवर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढचे मागच्यांना सांगत होते, मागचे त्यांच्या मागच्यांना. थेंब आला, थेंब मोठा झाला, थेंब पडला. मग सगळ्यांनी मिळून सुस्कारा सोडायचा आणि पुढच्या थेंबाची वाट बघायची.

मीही टाचा उंचावून पाहिलं. सुकाणूच्या डाव्या हाताला भिंतीवर भोंग्याच्या बटणाची एक चौकोनी डबी आहे. छपरातून एक काळी वायर खाली येऊन त्या डबीत जाते. त्या वायरीला लाल दोऱ्याने लिंबाएवढा, भरीव, तांब्याचा ताईत टांगला होता, आणि त्याच्या बुडाशी खरोखरच एक थेंब लोंबत होता. खाली वाटी धरून एक शिष्य बसला होता. हे साधं पाणी नाही, कप्तानांचं दुःख आहे, तेव्हा ढकलाढकली करू नका, असं तो दर दोन मिनिटांनी सांगत होता. लोक दुःखाचा मान राखून ढकलाढकली करत होते.

कप्तान म्हणजे या लाँचचे मालक. वर्षभरापूर्वी ते वारले. बुडून वगैरे नाही, घरी, अंथरुणावर, तापाने. हे आधीच सांगते, कारण पुढे लोकांनी त्यांना वेगवेगळ्या प्रकारे बुडवलं. त्यांच्यामागे सुकाणू हाती घेतलं ते त्यांच्या बायकोने. तिला लाँच चालवता येत होतीच. कप्तान असतानाही दुपारच्या फेऱ्या तीच मारायची आणि ते मागच्या बाकावर डुलक्या काढायचे. लोक तिला तेव्हापासून कप्तानीण म्हणतात, फक्त तेव्हा कौतुकाने म्हणत. ती माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या गच्चीत एक कठडा आणि एक कपडे वाळत घालायची दोरी, एवढंच काय ते सामाईक.

लाँचमध्ये अर्धा वाटा तिच्या दिराचा. त्याला सगळे धाकटा म्हणतात. तो धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीत बसतो आणि भलताच टापटिपीचा माणूस आहे. त्याच्या खिडकीतल्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असतात. भाऊ गेल्यावर काय करावं हे त्याला सुचेना, तेव्हा त्याने लाँच रंगवायला काढली. आतून-बाहेरून घासली, रंगवली, लोंबत होतं ते वर घेतलं, वाकडं होतं ते सरळ केलं. दुःख करायची ही त्याची रीत, आणि त्यात वाईट काही नव्हतं. लाँच नव्यासारखी झाली.

त्यानंतर भोंगा आपोआप वाजू लागला.

पहिल्यांदा वाजला तेव्हा मी लाँचवर होते. सकाळची पहिली फेरी, वारा नव्हता, कप्तानिणीचे दोन्ही हात सुकाणूवर होते. भोंगा एकदम वाजला आणि बराच वेळ वाजत राहिला, मग दम लागल्यासारखा थांबला. कप्तानिणीने बटणाकडे पाहिलं, बटणाने काही केलेलं नव्हतं. आम्ही हसलो. दुसऱ्या खेपेला थोडे कमी हसलो. मग एकदा भर वाऱ्यात, लाटांचे शिंतोडे छपरावरून उडत असताना तो वाजला तो पलीकडचा किनारा येईपर्यंत थांबेचना, आणि शेवटच्या बाकावरच्या एका म्हातारबांनी टोपी काढून हातात घेतली. त्या दिवसापासून कुणी हसलं नाही.

वायरमनला बोलावलं. तो येईपर्यंत ऊन पडलेलं, सगळं कोरडं ठणठणीत. त्याने बटण दाबलं, भोंगा वाजला. बटण सोडलं, भोंगा थांबला. त्याने नवं बटण बसवलं. काही दिवस शांततेत गेले आणि पुन्हा तेच. तो पुन्हा आला, पुन्हा सगळं ठीक. शेवटी त्याने हात टेकले, दोष वायरीत नाही म्हणाला, आणि जाताना मौनीबाबांचा पत्ता देऊन गेला.

मौनीबाबांबद्दल एक गोष्ट लगेच लक्षात येते, ती म्हणजे ते सतत बोलतात. मी शिष्याला याबद्दल विचारलं. बाबांचं मौन आतून असतं, असं त्याने सांगितलं. बाहेरून मात्र ते धक्क्यावर पाऊल ठेवल्यापासून सुरू झाले. कप्तानीण नुकतीच लाँच धुऊन, बॅटरीची कळ चालू करून सुकाणूशी बसली होती. खाडीतल्या पाण्याच्या बादल्या छपरापासून खालपर्यंत मारायच्या, ही लाँच धुण्याची पद्धत कप्तानांपासून चालत आलेली. बाबा ओल्या फळीवरून केबिनमध्ये शिरले, त्यांनी डोळे मिटले आणि तेवढ्यात भोंगा वाजला. असा स्वागताचा योग सगळ्यांच्याच नशिबी नसतो.

"ऐकलंत?" बाबा म्हणाले. "शब्द ऐका, शब्द. माझी जागा, म्हणतोय. माझी जागा."

आम्ही सगळ्यांनी कान दिला. एकदा सांगितल्यावर तसंच ऐकू येऊ लागलं, हे मला कबूल केलं पाहिजे. बाबांचं म्हणणं असं की कप्तानांचा जीव सुकाणूपाशी अडकला आहे. आपल्या जागी बाईमाणूस बसलेलं त्याला बघवत नाही. पुरावा काय, तर ती सुकाणूवर असतानाच भोंगा वाजतो. हे खरंच होतं. ती सुकाणूवर नसते तेव्हा लाँच धक्क्याला बांधलेली असते आणि बॅटरीची कळ बंद असते. पण एवढा बारीक विचार करायला कुणाला सवड नव्हती.

तूर्त जिवाला शांत करण्यासाठी बाबांनी तो ताईत दिला. जीव जिथे बसतो त्या जागेजवळ बांधा, म्हणाले. कप्तानिणीने खिळा मारायला भिंतीकडे पाहिलं, दिराने केलेल्या नव्या कोऱ्या रंगाकडे पाहिलं, आणि रंग कशाला खराब करा म्हणून ताईत सरळ वायरीला अडकवून टाकला. तिची एकूण श्रद्धा एवढी होती. तो जड ताईत तिथे लोंबू लागला, दुसऱ्या दिवशी सकाळी तो रडला, आणि भोंगा गप्प बसला.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. रोज सकाळी लाँच धुऊन झाली की ताईत रडायचा आणि भोंगा अवाक्षर काढायचा नाही. गाव लोटलं. बाबांनी धक्क्याजवळ खोलीच घेतली. मी त्या वाटीतला एक थेंब बोटावर घेऊन चाखला. खारट होता. शिष्य म्हणाला, अश्रूच आहेत. मी म्हटलं, खाडीही खारटच आहे. तो म्हणाला, तुम्हा शिकलेल्यांचं हेच चुकतं.

बाकीच्या होड्यांनीही ताईत नेले. त्यात सगळ्यांत श्रद्धाळू होता बर्फवाला. हा मच्छीमार होड्यांना बर्फ पोचवतो आणि त्याच्या होडीवरचा पुढचा दिवा सारखा विझायचा. त्याने ताईत वायरीला लोंबकळत ठेवला नाही. त्यासाठी काचेची पेटी करवली, आत मखमल घातली, आणि ती होडीच्या नाकावर मानाने बसवली. दिवा विझायचा तो विझतच राहिला. बाबांना विचारलं तर म्हणाले, श्रद्धा कमी पडते. बर्फवाल्याने श्रद्धा वाढवली, म्हणजे दुसरा ताईत घेतला. मग दिवा दोन ताइतांच्या देखत विझू लागला. त्याचा ताईत रडतही नव्हता, याचं त्या बिचाऱ्याला फार वाईट वाटायचं.

मला तेव्हाच खटकलं होतं. ज्याने मखमल अंथरली त्याला काही नाही, आणि जिने खिळा मारायचा कंटाळा केला तिला चमत्कार. पण खटकणं वेगळं आणि उलगडणं वेगळं. मी वर्गात वीज शिकवते ती फळ्यावरची, तिथे पाऊस पडत नाही. माझं डोकं काही चालेना.

मग बाबांनी दुसरा अंक सुरू केला. ताईत भरत आला आहे, म्हणाले. किती दुःख पिणार तो? तो शनिवारी उतरवायचा आणि येत्या रविवारी सगळ्यांसमोर जिवालाच विचारायचं की सुकाणू कुणाकडे द्यायचं. बाई बसल्यावर भोंगा ओरडला आणि दीर बसल्यावर गप्प राहिला, तर कौल मिळाला. त्यानंतर तिने सुकाणूला हात लावला तर लाँचवर चढणाऱ्यांची जबाबदारी बाबा घेणार नव्हते. अर्थात ती त्यांनी आधीही घेतलेली नव्हती.

हे ऐकून माझ्या ओळखीच्या चार शहाण्या माणसांनी कप्तानिणीला समजावलं की तूच आपण होऊन ऊठ. तिकिटाच्या खिडकीत बस, सावलीही आहे. दोन घरचे लोक तर तिच्या फेरीला यायचेच बंद झाले, पुलावरून वळसा घालून जाऊ लागले. धाकटा माझ्याशी बोलताना नजर चुकवायचा. त्याला सुकाणू नको होतं, त्याला लाटांवर मळमळतं. पण दादा हाक मारतोय असं सगळेच म्हणत असताना नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं होतं.

रविवारच्या आदल्या दिवशी मी गच्चीत गेले तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, तू हे थांबव, तो माणूस तुझं सुकाणू काढून घ्यायला निघालाय. ती चादर पिळत म्हणाली की कळतंय.

"मग बोलत का नाहीस?"

तिने चादर दोरीवर टाकली. बराच वेळ ती सारखी करत राहिली.

"बाई, तुम्ही हसाल," ती म्हणाली. "मला पहिल्यापासून वाटतंय की हे वायरीचंच काहीतरी आहे. पण तो वाजला ना, की मी मनात म्हणायचे, बोला. वर्षभर घरात कुणी मला हाक मारलेली नाही. सकाळी लाँच धुताना मी दोन बादल्या जास्त मारत होते का, तेही आता सांगता येणार नाही. आणि ताईत बांधल्यापासून ते गप्प झालेत, तर मला करमत नाही."

मी हसले नाही. मी नुसती त्या चादरीकडे बघत उभी राहिले. ती दोरीच्या एका टोकाला, वरच्या बाजूला घातलेली होती. तिचं पाणी मात्र तिच्याखाली पडत नव्हतं, निदान सगळं पडत नव्हतं. ते दोरीवरून घसरत मधे यायचं, जिथे दोरीला सैल झोळ होता तिथे, आणि त्या झोळाच्या तळाशी थेंब धरून टपकन पडायचं. तिथे एक रिकामा चिमटा अडकवलेला होता. चिमट्याच्या टोकाला थेंब येत होता, मोठा होत होता, पडत होता. झोळाच्या पलीकडचा दोरीचा भाग, खुंटीपर्यंतचा, अगदी कोरडा होता.

मी तिला हाक मारायच्या आत तिनेही ते पाहिलं होतं. ती दोरीकडे बघत होती, मग स्वतःच्या उजव्या हाताने तिने डावं कोपर चोळलं. का चोळलं ते मला समजेना.

"इथे लागायची," ती म्हणाली. "ती वायर. भोंगा वाजायला लागला तेव्हा ती सरळ होती, त्याआधी नव्हती. डबीच्या खाली चांगली वीतभर लोंबायची आणि मग वर चढून डबीत जायची. सुकाणू वळवलं की माझ्या कोपराला लागायची. मी यांना रोज म्हणायचे, ही मेली वर घ्या जरा. तर म्हणायचे, राहू दे, तिचं काम चाललंय."

"मग वर कुणी घेतली?"

"भाऊजींनी," ती म्हणाली. "रंग दिला तेव्हा."

दोघी तशाच ओल्या हातांनी बसलो. आता सगळं एकामागोमाग येऊन बसत गेलं. धुतलेलं पाणी छपरातल्या भोकातून वायरीवर यायचं. कप्तानांच्या वेळी ते झोळापर्यंत उतरायचं आणि तिथून खाली गळायचं, कारण पाण्याला वर चढून डबीत जाता येत नाही. धाकट्याने वायर ताणून सरळ केली, उरलेली छपराखाली गुंडाळून ठेवली, पट्ट्या मारल्या, आणि पाण्याला डबीत जायला छान उतार करून दिला. ताइताच्या वजनाने त्या पट्ट्या सुटल्या, वरची गुंडाळी खाली सरकली, झोळ परत आला, आणि डबीत जाणारं पाणी ताइताच्या बुडातून गळू लागलं. त्याला आम्ही अश्रू म्हणत होतो.

"म्हणजे हाक नव्हती," कप्तानीण म्हणाली.

नव्हती, मी म्हटलं. ती थोडी रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली की उद्या बाबांना करू दे काय करायचं ते, तुम्ही फक्त पाना आणि कोरडं फडकं घेऊन या.

रविवारी धक्क्यावर माणूस मावत नव्हता. आदल्या संध्याकाळी बाबांच्या सांगण्यावरून ताईत उतरवला होता, आणि तो उतरवल्यावर खाली लोंबलेली वायर धाकट्याला बघवली नसणार. त्याने ती पुन्हा ताणून, पट्ट्या ठोकून, आखल्यासारखी सरळ केली होती. कप्तानिणीने माझ्याकडे पाहिलं, मी वर छपराकडे पाहिलं.

बाबांनी हातात कलश घेतला. त्यात खाडीचंच पाणी होतं, मंत्र टाकून मुरवलेलं. आज खाडी, आकाश आणि अंतराळ यांचा त्रिवेणी कंप जुळून आला आहे, असं ते म्हणाले. जिवाची लहर पाण्यावाटे उतरते, ज्यांना दमा आहे त्यांनी मागे उभं राहावं, म्हणाले. दमेकरी मागे गेले. कप्तानीण सुकाणूशी बसली, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे वर धरले. बाबांनी मंत्र म्हणत अख्खा कलश छपरावर रिता केला. आम्ही श्वास रोखून उभे. बाबा जिवाला उद्देशून बोलत राहिले, बोलत राहिले, आणि भोंगा वाजला. गर्दीतून असा आवाज निघाला की माझ्याही अंगावर काटा आला, आणि मला तर कारण ठाऊक होतं.

बॅटरीची कळ बंद केली. धाकट्याने त्याच्या सवयीप्रमाणे डबी उघडून आतून-बाहेरून पुसली, ओलं त्याला चालतच नाही. मग तो सुकाणूशी बसला, पांढराफटक. कळ चालू केली. बाबांनी आता कलश बाजूला ठेवला, चार फुलं घेतली, ती छपरावर टाकली आणि हात जोडले. भोंगा गप्प. आणखी थोडा वेळ गप्प. लोकांनी माना डोलवायला सुरुवात केली.

"बाबा," कप्तानीण म्हणाली, "भाऊजींना पाणी राहिलं."

बाबा म्हणाले की पुरुषाला फुलांवर भागतं. ती म्हणाली की भागत असेल, पण घरच्या माणसाला माझ्यापेक्षा कमी केलेलं मला चालणार नाही, यांनाही आवडलं नसतं. बाबा यावर बोलायला लागले, आणि ते बोलून संपेपर्यंत सगळ्यांनी वाटच बघितली असती, पण बर्फवाला पुढे झाला. श्रद्धा कमी पडल्याचे परिणाम त्याच्याइतके कुणी भोगले नव्हते. धाकट्याच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून त्याने खाडीतून काठोकाठ बादली भरली, डोळे मिटले आणि छपरावर ओतली. मग पुन्हा एक.

भोंगा वाजला. धाकट्याचे हात मांडीवर होते. तो ताडकन उठून उभा राहिला, तरी भोंगा वाजतच होता. सुकाणूशी कुणीच नव्हतं आणि भोंगा वाजत होता.

कळ बंद करून मी पुढे झाले. बाबा सांगत होते की जीव आता संशय घेतल्यामुळे कोपला आहे. मी म्हटलं, कोपलाच आहे तर आपण त्याला आणखी एक संधी देऊ, आणि डबीचं झाकण काढून ज्यांना दिसेल त्यांना आत बघायला लावलं. आत दोन स्क्रू शेजारी शेजारी होते. दोन्हीवर हिरवा गंज चढला होता आणि त्यांच्यामधे पाण्याचं एक छोटं डबकं चमकत होतं. भोंगा वाजवायला जोर लागतो, पण तो जोर पोचवणारी रिले नावाची एक वेगळी डबी छपराखाली असते, तिला चालू व्हायला चिमूटभर वीज पुरते. खारं पाणी या दोन स्क्रूंना जोडतं आणि तेवढी चिमूट पोचवतं. बोटाने बटण दाबलं काय आणि पाण्याने दाबलं काय, भोंग्याला फरक कळत नाही. हे मी सांगितलं, आणि माझ्या वर्गात होतं तसंच झालं, म्हणजे सगळ्यांनी मान हलवली आणि कुणाचाच विश्वास बसला नाही.

मग कप्तानिणीने डबी कोरडी केली, झाकण लावलं, पट्ट्या उपसल्या आणि वायर ओढून पहिल्यासारखी खाली सोडली. मी गर्दीला म्हटलं की या वायरीला टांगायला काहीतरी जड द्या, ताईत सोडून काहीही. कुणाच्या हाती काही नव्हतं. बर्फवाल्याने कमरेचा बर्फाचा चिमटा काढून दिला. लोखंडी, गंजका, त्याला माशांचा वास. तो झोळात अडकवला. कप्तानीण सुकाणूशी बसली, कळ चालू झाली, आणि बर्फवाल्याने पुन्हा बादल्या मारल्या, या वेळी डोळे उघडे ठेवून.

भोंगा वाजला नाही. आणि थोड्या वेळाने बर्फाचा चिमटा रडला. आधी एक थेंब, मग दुसरा, मग ढसाढसा. शिष्याने सवयीने वाटी पुढे केली, मग ती मागे घेतली.

पहिला हसला तो टोपी काढून हातात घेणारा म्हातारबा. मग हसू मागच्यांकडे गेलं, आणि मागच्यांनी दमेकऱ्यांना सांगितलं. मौनीबाबांनी त्या दिवशी प्रथमच मौन धरलं. शिष्याला खुणेने बोलावून ते खोलीकडे गेले, आणि संध्याकाळी ती खोली पुन्हा भाड्याने द्यायची होती. त्यांना तारेतलं काही कळत होतं असं मला वाटत नाही. पाणी पडलं की भोंगा ओरडतो, एवढं त्यांनी पहिल्या भेटीतच हेरलं असावं. बाकीचं काम आमच्या कानांनी केलं.

धाकटा मात्र हसत नव्हता. तो त्या झोळाकडे बघत होता.

"म्हणजे वहिनी, दादाला मीच रडवलं," तो म्हणाला.

"दादांना नाही, भोंग्याला," ती म्हणाली. "आणि रंग छान दिलाय तुम्ही."

मग दोघांनी मिळून काम केलं. हिरवी पडलेली तारेची टोकं कापून टाकली, नवी टोकं दाबून बसवली, त्यावर गरम केल्यावर घट्ट आवळणारी नळी चढवली, स्क्रूंवर पेट्रोलियम जेलीचा लेप दिला, छपरातलं भोक आणि डबीचं भोक रबराने बुजवलं. आणि वायरीचा झोळ ठेवला. बाकीचं सगळं कधीतरी झिजतं, झोळ झिजत नाही. बर्फवाल्याच्या होडीत पाहिलं तर दिव्याचा जोड नुसता पीळ देऊन, चिकटपट्टी गुंडाळून तळातल्या पाण्यात पडलेला होता. तो वर घेऊन तसाच नीट केला. दिवा आता विझत नाही. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की चिमटा टांगून ठेवू का. मी म्हटलं, नको, बर्फाला लागेल.

हे मी कुणाच्या भावना दुखवायला लिहिलेलं नाही. ज्याला ताईत बांधायचा त्याने बांधावा. माझं म्हणणं इतकंच आहे की चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी ते हात जरा वापरून बघा. तो ताईत काढून बघा, त्याच्या जागी दुसरं काही टांगून बघा, एकाला केलं ते दुसऱ्यालाही करून बघा. यात कुणाचा अपमान नाही. आणि ज्या चमत्काराच्या शेवटी एका माणसाला आपल्या जागेवरून उठावं लागतं, तो तर कुणाच्याही सांगण्यावरून मानू नका. आम्ही जवळजवळ मानला होता. त्या बाईचं सुकाणू गेलं असतं, आणि आम्ही सगळे जण आपापल्या घरी समाधानाने जेवलो असतो.

कप्तानीण अजून पहिली फेरी मारते. परवा लाँचवर एक नवे गृहस्थ होते, इस्त्रीच्या कपड्यांतले. त्यांनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं आणि सौजन्याने सुचवलं की बाई, ती वायर लोंबतेय, बरं दिसत नाही, वर घ्यायला हवी. तेवढ्यात तिने सुकाणू वळवलं आणि कोपर वायरीला लागलं. तिने वायरीकडे पाहिलं. झोळाच्या तळाशी एक थेंब तयार होत होता.

"राहू दे," ती म्हणाली. "तिचं काम चाललंय."